विश्लेषण : कॅम्परव्हॅनने रेवस ते रेडी… किनाऱ्यावर मुक्काम करायचा तर नियोजन कसे?

हॉटेलचे बुकिंग नाही, ठरलेली जेवणाची वेळ नाही. गाडीतच झोपायचे, गाडीतच स्वयंपाक करायचा आणि रोज वेगळ्या समुद्रकिनाऱ्यावर सकाळ पाहायची. कॅम्परव्हॅन किंवा कॅरॅव्हॅनने प्रवास करण्याची ही कल्पना आता कोकणातही रुजू लागली आहे. राज्याला शेकडो किलोमीटरचा किनारा लाभला आहे आणि त्याला समांतर जाणारा सागरी मार्गही आहे. मात्र युरोप-अमेरिकेतील चित्रफिती पाहून केलेले नियोजन येथे कोलमडते. येथे वाटेत खाड्या आहेत, भरती-ओहोटीचे गणित आहे, अरुंद गल्ल्या आहेत आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करणारी गावेही आहेत. त्यामुळे निघण्यापूर्वी काय ठरवावे, गाडी कुठे लावावी आणि कुठे मुळीच लावू नये, याचा हा आढावा.

मार्ग नेमका कोणता?

रायगड जिल्ह्यातील रेवसपासून सिंधुदुर्गातील रेडीपर्यंत जाणारा राज्याचा सागरी महामार्ग सुमारे ५०० किलोमीटरचा आहे. नाव महामार्ग असले, तरी बहुतांश भाग हा गावागावांतून, घाटीतून आणि माडाच्या वाड्यांमधून जाणारा साधा रस्ता आहे. मोठ्या खाड्यांवरील काही पुलांची कामे हाती घेण्यात आली असली, तरी सध्या अनेक ठिकाणी गाडी फेरीबोटीतूनच पलीकडे न्यावी लागते. कोकणात या फेरीला ‘जंगलजेटी’ म्हणतात.

मुंबईहून निघणाऱ्यांना भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सोयीची आहे. पुढे आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा चार फेऱ्या लागतात. जयगडच्या दक्षिणेला मात्र बहुतेक खाड्यांवर पूल आहेत. नकाशावर २० किलोमीटर दिसणारे अंतर खाडीमुळे कसे फुगते, याचे उदाहरण दाभोळचे आहे. शेवटची फेरी चुकली तर दापोली-खेड-चिपळूण-गुहागर असा १०० किलोमीटरहून अधिकचा वळसा पडतो.

आणखी एक खबरदारी. या मार्गावर दोन ‘मुरूड’ आहेत. एक जंजिरा किल्ल्यासमोरचे, दुसरे दापोली तालुक्यातील. नांदगावेही दोन आहेत. एक मुरूड-जंजिऱ्याजवळ, दुसरे सिंधुदुर्गात महामार्गावर. मोबाइलमधील नकाशात गाव टाकताना तालुका तपासावा.

किती दिवस हवेत?

मोठी गाडी, वळणे आणि गावे यांचा विचार करता येथे ताशी २५ ते ३० किलोमीटर हीच खरी सरासरी. त्यात फेरीची वाट पाहण्याचा वेळ धरला, तर दिवसाला ६० ते ८० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर ठरवू नये. म्हणजेच एका बाजूच्या प्रवासासाठी नऊ-दहा दिवस हवेत. ढोबळ आखणी अशी करता येते :

पहिला दिवस : मांडवा, अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड-जंजिरा.
दुसरा : आगरदांड्याहून फेरीने दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन.
तिसरा : हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीने वेशवी, वेळास.
चौथा : केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोलीचे मुरूड.
पाचवा : लाडघर, दाभोळहून फेरीने धोपावे, गुहागर.
सहावा : वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून फेरीने जयगड, गणपतीपुळे.
सातवा : आरे-वारे, रत्नागिरी, पावस.
आठवा : जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर.
नववा : आचरा, मालवण, तारकर्ली.
दहावा : वेंगुर्ला, शिरोडा, रेडी.

परतीला मुंबई-गोवा महामार्ग धरल्यास दीड-दोन दिवस पुरतात. दहा दिवस नसतील तर संपूर्ण मार्ग दामटण्यापेक्षा मांडवा ते गुहागर किंवा रत्नागिरी ते रेडी असा अर्धाच टप्पा करणे शहाणपणाचे.

कोणता काळ योग्य?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा सर्वात सुखद काळ. रात्री गारवा असतो, त्यामुळे वातानुकूलन यंत्राशिवाय गाडीत झोप लागते. मार्चपासून उकाडा वाढतो आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या गाडीत पंख्यावर रात्र काढणे कठीण होते. जून ते सप्टेंबर हा काळ किनाऱ्यावरच्या मुक्कामासाठी नाहीच. समुद्र खवळलेला असतो, दरडी कोसळतात, मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. २५ डिसेंबर ते १ जानेवारी या आठवड्यात जेटींवर गाड्यांच्या लांबलचक रांगा लागतात, तर शिमग्याला आणि गणपतीत गावे चाकरमान्यांनी भरलेली असतात. अशा वेळी मोठी गाडी घेऊन गावात शिरणे म्हणजे स्वतःची आणि गावाचीही कोंडी.

गाडी भाड्याने घेताना काय तपासावे?

केंद्राने मोटार कॅरॅव्हॅनसाठी ‘एआयएस-१२४’ हे मानक ठरवले आहे. राज्यानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. तरीही बाजारात नियमात बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या गाड्या फिरतात. गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाई आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही बाब अधोरेखित केली होती. त्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचा प्रकार काय लिहिला आहे, हे आधी पाहावे. साध्या मालवाहू गाडीत पलंग आणि शेगडी बसवली असेल, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो.

नंबरप्लेटही बरेच काही सांगते. चालकासह भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी भाड्याने देत असेल, तर तो व्यवहार टाळलेला बरा. रेडीच्या पुढे गोव्यात जायचे असेल, तर भाड्याच्या गाडीचा परवाना आणि कर त्या राज्यासाठी भरला आहे का, हेही विचारावे. चालकाच्या परवान्याची अडचण सहसा येत नाही. साडेसात हजार किलोपर्यंतच्या वजनाची गाडी हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते.

गाडीचा आकार हा कोकणातला कळीचा मुद्दा. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली गाडी सहा-सात मीटर लांब आणि पावणेतीन मीटरच्या आसपास उंच असते. जांभ्या दगडाचे गडगे, फणसाच्या आडव्या फांद्या आणि लोंबणाऱ्या विजेच्या तारा यांच्यातून ती न्यायची असते. गाडीची नेमकी उंची, लांबी आणि वजन एका कागदावर लिहून समोरच्या काचेजवळ चिकटवून ठेवावे. गल्लीत शिरण्याआधी एकाने उतरून चालत पाहून यावे.

जंगलजेटीवर मोठी गाडी चढते का?

चढते, पण वेळ साधावी लागते. भरतीच्या वेळी बोटीचा फाळका जवळपास सपाट असतो. पूर्ण ओहोटीला तोच उतार तीव्र होतो. कॅम्परव्हॅनचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे निघालेला असतो. उतारावरून चढताना किंवा उतरताना तो जमिनीला घासतो. मागे लटकवलेली पाण्याची टाकी किंवा नळी असेल, तर ती तिथेच तुटते. त्यामुळे जेटीवर पोहोचताच कर्मचाऱ्यांना गाडीची लांबी सांगावी आणि त्यांनी ‘थोडे थांबा’ म्हटले तर थांबावे. चढण्यापूर्वी गॅस सिलिंडरची झडप बंद करावी, बोटीत हँडब्रेक लावावा. वेळापत्रक हंगामानुसार बदलते, म्हणून आदल्या दिवशी फोन करून खात्री करणे उत्तम.

भरती-ओहोटीचे गणित कसे करावे?

किनाऱ्यावरच्या मुक्कामात सर्वात जास्त चुका येथेच होतात. दर काही आठवड्यांनी वाळूत रुतून लाटांत सापडलेल्या गाडीची बातमी येते, त्यामागे बहुधा हेच अज्ञान असते. सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. म्हणजे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. पाणी खूप वर येते आणि तितकेच खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक कमी असतो.

कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला अकरा ते बाराच्या दरम्यान. पूर्ण भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे. नेमक्या वेळेसाठी त्या-त्या बंदराचे भरतीचे कोष्टक पाहावे.

आता यातला धोका पाहा. पौर्णिमेच्या संध्याकाळी सहा वाजता पर्यटक किनाऱ्यावर पोहोचतात. तेव्हा पूर्ण ओहोटी असते. समोर दूरवर पसरलेली, ओली, घट्ट वाळू दिसते. गाडी सहज चालते. चंद्रप्रकाशात जेवण होते, दहा वाजता सगळे झोपतात. मध्यरात्रीच्या सुमारास महिन्यातील सर्वात उंच भरतींपैकी एक तिथे पोहोचते. घट्ट वाटणारी वाळू चाकांखालून निसटते आणि दोन-तीन टनांची गाडी स्वतःच्या वजनानेच खाली बसते. ओढून काढायला ट्रॅक्टर आला तरी तो पुढच्या ओहोटीपर्यंत फारसे काही करू शकत नाही. चांदण्यातला मुक्काम म्हणून जी रात्र लोक मुद्दाम निवडतात, तीच सर्वात धोक्याची असते.

पाण्याची हद्द ओळखायची खूण किनाऱ्यावरच असते. सुकलेले शेवाळ, शिंपले, काटक्या यांची रेषा म्हणजे अलीकडच्या भरतीची सीमा. त्याच्याही वर, जांभळ्या फुलांची मर्यादवेल जिथे पसरलेली असते, तिथे समुद्राची नेहमीची मर्यादा संपते. या वेलीचे नावच ते सांगते. तंबू ठोकायचा तर वेलीच्या जमिनीकडच्या बाजूला, आणि गाडी त्याहूनही मागे, पक्क्या जमिनीवर.

मग वाळूवर गाडी नेता येते का?

नेऊ नये, हेच सरळ उत्तर. भरती आणि ओहोटीच्या रेषांमधला पट्टा किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत सर्वाधिक संवेदनशील गटात मोडतो. अनेक किनाऱ्यांवर वाहने नेण्यास स्थानिक प्रशासनाने बंदी घातली आहे आणि पोलीस गुन्हेही नोंदवतात. गोव्यात किनाऱ्यावर वाहन चालवण्यास मनाई आहेच. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यावरही तिथे कारवाई होते. खाऱ्या पाण्यात गाडी बुडाल्यास विमा कंपनी निष्काळजीपणाचा मुद्दा उपस्थित करू शकते, हा आर्थिक धोका वेगळाच.

दुसरे कारण कासवांचे. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात वेळास, आंजर्ले, गुहागर यांसारख्या किनाऱ्यांवर अंडी घालतात. म्हणजे पर्यटकांचा हंगाम आणि कासवांचा हंगाम एकच. अंडी वाळूखाली असतात, वरून काही दिसत नाही. त्यावरून चाक गेले तर घरटे दबते. पिल्ले ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडतात आणि उजेडाच्या दिशेने समुद्राकडे निघतात. गाडीचे दिवे आणि कॅम्पच्या माळा त्यांना उलट्या दिशेला नेतात. चाकांनी पडलेल्या खोल चाकोरीत अडकलेले पिल्लू पाण्यापर्यंत पोहोचतच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या प्रजातीला संरक्षण आहे. या गावांत मुक्काम असेल तर रात्री समुद्राच्या बाजूचे दिवे बंद ठेवावेत आणि घरटी राखणाऱ्या कासवमित्रांच्या सूचना पाळाव्यात.

रात्री गाडी कुठे लावावी?

पहिला पर्याय म्हणजे घरगुती निवास चालवणाऱ्यांचे आवार. दिवेआगर, आंजर्ले, गुहागर, मालवण, तारकर्ली येथे किनाऱ्यालगतच्या वाड्यांत अशी सोय असते. पाणी, वीज, स्वच्छतागृह आणि रात्रीचे जेवण असे ठरवून घेता येते. समुद्र दोन-पाच मिनिटांच्या अंतरावर राहतो. दुसरा पर्याय राज्य पर्यटन महामंडळाच्या निवासांचा. हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, कुणकेश्वर, तारकर्ली येथे ते आहेत. आवारात कॅम्परव्हॅन लावता येईल का, हे आधी विचारून घ्यावे. तिसरा पर्याय ग्रामपंचायतीच्या वाहनतळाचा. तिथे पावती घेऊन, सरपंच किंवा पोलीस पाटलांच्या कानावर घालून रात्र काढता येते.

सुरूच्या बनात गाडी लावण्याचा मोह सगळ्यांना होतो. मात्र अनेक ठिकाणी हे बन वन विभागाच्या ताब्यात आहे. परवानगीशिवाय मुक्काम आणि चूल दोन्ही चालत नाही. सुरूच्या वाळलेल्या पानांचा थर झटकन पेट घेतो, हेही लक्षात ठेवावे. आणि माडाखाली गाडी कधीच लावू नये. २० मीटरवरून पडलेला नारळ काच आणि छतावरचे सौर पॅनेल फोडतो. झावळीही कमी नसते.

पाणी आणि विजेचा हिशेब काय?

चार जणांचे कुटुंब धरू. पिण्या-स्वयंपाकाला माणशी पाच लिटर, भांडी-हातपाय धुण्याला पाच आणि आटोपशीर आंघोळीला दहा लिटर. एकूण दिवसाला ८० लिटर. गाडीतील टाकी १०० लिटरची असेल, तर ती सव्वा दिवसात संपते. म्हणजे रोज कुठेतरी पाणी भरावे लागणार. कोकणात पावसाळ्यात धो-धो पाऊस पडत असला, तरी जांभ्याच्या जमिनीत तो फारसा टिकत नाही आणि मार्चनंतर अनेक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. काही ठिकाणी टँकर लागतात. अशा गावात सार्वजनिक नळाला नळी लावून १०० लिटर पाणी भरणे लोकांना खटकणारच. पाणी मुक्कामाच्या ठिकाणी, यजमानांना विचारून आणि पैसे देऊन भरावे. आंघोळही शक्यतो तिथेच करावी.

विजेचे गणितही सोपे आहे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे १,२०० वॉट-अवर वीज. ३० वॉटचा पंखा रात्रभर दहा तास चालला की ३०० जातात. ४५ वॉटचा छोटा फ्रिज दिवसाच्या निम्मा वेळ चालला तर ५४०. दिवे आणि मोबाइलसाठी १५० धरले, तर एकूण ९९०. बॅटरी जेमतेम एक दिवस पुरते. एक हजार वॉटचा एसी मात्र तीच बॅटरी तासाभरात संपवतो. त्यामुळे एसी हवा असेल तर बाहेरून वीजजोडणी मिळेल अशीच जागा निवडावी. बॅटरी जुन्या लेड-ॲसिड प्रकारची असेल तर निम्मीच क्षमता वापरता येते, असे धरून चालावे.

शौचालयाच्या टाकीचे काय?

याबद्दल फारसे कुणी विचारत नाही. पण गावकऱ्यांच्या तक्रारींचे मूळ येथेच असते. सुट्या टाकीच्या शौचालयात साधारण २० लिटर मैला मावतो. चार जणांसाठी ती दोन दिवसांत भरते. ती खाडीत, वाळूत, ओढ्यात किंवा बागेत रिकामी करणे हा गुन्हाही आहे आणि रोगराईला आमंत्रणही. अनेक वाड्यांत विहीर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असते आणि वाळूतून घाण पाणी सहज झिरपते. त्यामुळे दर दुसऱ्या दिवशी शौचकूप असलेल्या ठिकाणी मुक्काम ठरवावा आणि मालकांची परवानगी घेऊनच टाकी रिकामी करावी. शक्य तिथे सार्वजनिक किंवा यजमानांचे स्वच्छतागृह वापरले, तर हा प्रश्न निम्मा सुटतो. कचराही गावात न टाकता तालुक्याच्या ठिकाणी नेऊन द्यावा. लहान ग्रामपंचायतींकडे विल्हेवाटीची यंत्रणा तुटपुंजी असते.

सुरक्षिततेसाठी काय सोबत असावे?

अग्निशामक, गॅसगळती आणि धूर ओळखणारे यंत्र, प्रथमोपचार पेटी, ओढण्याचा दोर, दोन मजबूत लाकडी फळ्या, टॉर्च आणि १० लिटर राखीव पाणी. गाडीत स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवावी. झोपताना सिलिंडरची झडप बंद. शेगडी पेटती ठेवून झोपल्यास कार्बन मोनॉक्साइडने गुदमरण्याचा धोका असतो, या वायूला वास नसतो. खाऱ्या हवेने गाडीचा खालचा भाग गंजतो, म्हणून प्रवास संपताच तो गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा.

पोहण्याबाबत स्थानिक सांगतील तेच खरे मानावे. गणपतीपुळ्यासारख्या किनाऱ्यावर पाणी झपाट्याने खोल होते. ओहोटी सुरू असताना आणि अंधारात पाण्यात उतरू नये. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि सागरी सुरक्षेसाठी १०९३ हे क्रमांक जवळ ठेवावेत. हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा उंच लाटांचा इशारा रोज सकाळी पाहावा. आभाळ निरभ्र असतानाही दूरच्या वादळामुळे मोठ्या लाटा किनाऱ्यावर येऊ शकतात.

माघार घ्यायची झाली तर?

सागरी मार्गाला ठिकठिकाणी पूर्वेकडे वाटा फुटतात आणि त्या मुंबई-गोवा महामार्गाला मिळतात. श्रीवर्धनहून म्हसळामार्गे माणगाव, दापोलीहून खेड, गुहागरहून चिपळूण, रत्नागिरीहून हातखंबा, देवगडहून नांदगाव, मालवणहून कसाल, वेंगुर्ल्याहून सावंतवाडी. प्रत्येक मुक्कामापूर्वी यातली आपली वाट कोणती, तिला किती वेळ लागेल आणि वाटेत पेट्रोल पंप व रुग्णालय कुठे आहे, हे वहीत लिहून ठेवावे. कारण किनाऱ्यावरच्या अनेक वळणांवर मोबाइलला रेंज नसते. इंधन आणि रोख पैसे तालुक्याच्या गावातच भरून-काढून घ्यावेत, आणि गाडी रात्री नेहमी रस्त्याकडे तोंड करून लावावी. इशारा आलाच, तर अंधारात मागे-पुढे करत बसण्याची वेळ येत नाही.